थंड केलेला, गोठवलेला नव्हे

चाचा, आपली फॅक्टरी बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा कामासाठी तळोज्याला गेले होते. नावडे फाट्यापाशी गाडी थांबली आणि शेजारून माशांचा टेम्पो गेला, मागून बर्फाचं पाणी गळत होतं. त्या वासासरशी मला आपली एक्स्पोर्ट सेक्शनची लांबट खोली दिसली. तुमचं टेबल खिडकीशी, माझं दाराशी. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं म्हणते आहे. आज बसले.

मी आले तेव्हा बी.कॉम. होऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही साताऱ्याकडचे, खांदेश्वरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेलो. घरात मासा कधी शिजला नव्हता. जाहिरातीत 'टायपिंग आवश्यक' एवढंच होतं म्हणून मी आले, आणि पहिल्याच आठवड्यात शिपिंग बिलाच्या फॉर्मवर पापलेटांच्या एका मालाला कस्टमच्या यादीतला गोठवलेल्या माशाचा नंबर टाकून मोकळी झाले. खोक्यात बर्फ होता, म्हणजे माल फ्रोझनच, असं मला वाटलं. तुम्ही कार्बनच्या चारही प्रतींसकट फॉर्म मशीनमधून ओढून काढलात, फाडलात आणि मला खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये घेऊन गेलात. तिथं सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "बाय, हात घाल. आधी हातानं बघायचं, मंग लिवायचं." मी डोळे मिटून बर्फात हात घातला. रडू येत होतं. तुम्ही थांबून राहिलात.

मग रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास तुम्ही मला खाली नेऊ लागलात. बर्फात ठेवला तरी जो मासा आतून मऊ आहे तो थंड केलेला, त्याचा नंबर वेगळा. दगडासारखा झाला की गोठवलेला, त्याचा वेगळा. डोकं काढलं, पोट साफ केलं, तरी तो मासाच. काटा काढून नुसतं मांस उरलं की तिसरा नंबर. आणि गोठवलेला मासा वितळवून पुन्हा बर्फात ठेवला, तर तो ताजा होत नाही. तो कसा ओळखायचा तेही तुम्ही दाखवलंत. बोटानं दाबला की खड्डा तसाच राहतो. कल्ल्याजवळ दाबलं की ताज्या पापलेटातून दुधासारखं पांढरं येतं, शिळ्यातून तांबूस पाणी. रायगडच्या किनाऱ्यावर तुमचं सगळं बालपण गेलेलं, तुम्हाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला शिकायला पावसाळा उलटला. डब्यात तुम्ही तांदळाची भाकरी आणायचात, आणि चाचींनी माझ्यासाठी वेगळ्या डबीत केळफुलाची भाजी दिलेली असायची. चाचींना मी कधी पाहिलं नाही.

शुक्रवारी तुम्ही दुपारी नमाजाला जायचात. मधेच माल निघाला तर अडू नये म्हणून दोन कोरे फॉर्म सही करून माझ्या खणात ठेवायचात. सहीचा अधिकार फॅक्टरीत तुमचा एकट्याचा होता. मॅनेजरलाही तुम्ही कधी कोरा फॉर्म दिला नव्हता.

तो शुक्रवार. दुबईच्या विमानाला ताजी पापलेटं जायची होती आणि बोटी रिकाम्या आलेल्या. मी खोकी मोजायला खाली जाते, तर हॉलच्या कोपऱ्यात मोठ्या टबात पाणी सोडलेलं आणि कोल्ड स्टोरेजमधली पापलेटं त्यात वितळत पडलेली. बायका मान खाली घालून ती बर्फात भरतायत. मी एक उचलून बोटानं दाबलं. खड्डा तसाच राहिला. कल्ल्याशी दाबलं. तांबूस पाणी आलं. मॅनेजर मागे उभा होता. तो म्हणाला, नंबर नेहमीचाच टाक, चाचांच्या सह्या आहेत ना तुझ्याकडे. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. मी तुमची वाट बघते म्हणू शकले असते. अर्ध्या तासात तुम्ही येणार होतात. पण वडिलांची कंपनी संपात बंद पडलेली, घरात कामावर जाणारी मी एकटी. मी वर गेले आणि थंड केलेल्या माशाचा नंबर टाइप केला. हात ओलेच होते, कागदाला डाग पडला, तो मी रुमालानं टिपला.

विमानतळावर कस्टमच्या माणसानं नेमकं त्या मालातलंच एक खोकं उघडलं.

माल अडकला, चौकशी लागली. मॅनेजरनं हात वर केले, आपल्याला काही माहीत नाही म्हणाला. सही तुमची होती. कस्टमच्या ऑफिसात तुम्हाला आणि मला एकत्र बोलावलं. त्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये लाकडी बाकावर आपण तास-दीड तास बसलो होतो. तुम्ही पांढरा, इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत जायच्या आधी तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "पोरी, तू मासा हातात घेतला व्हतास काय?"

मी म्हणाले, "नाही चाचा."

तुम्ही मग म्हणालात, "मंग ठीक हाय."

आत तुम्ही सांगितलंत की सही माझी, चूक माझी, पोरगी मासे खाणाऱ्यांतली नाही, तिला अजून ओळखता येत नाही. मी शेजारी उभी होते. साहेबानं मला विचारलं, हे खरं का. मी मान हलवून हो म्हटलं. पुढं तुमचा सहीचा अधिकार गेला आणि आठवडाभरात फॅक्टरीनं तुम्हाला घरी बसवलं. त्या दिवशी तुम्ही तुमचं टॅरिफचं, त्या सगळ्या नंबरांचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलंत. समासात तुमची पेन्सिलची टिपणं. त्यावर तुम्ही एवढंच बोललात की आता हे तुला लागेल. पुढल्या महिन्यात सही माझी झाली, खिडकीजवळचं टेबलही.

तुम्ही गावी गेलात. मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. मग बर्फाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, चाचा वारले, त्यालाही तेव्हा बरेच महिने झाले होते. शेवटी शेवटी ते घराबाहेर पडत नव्हते, बंदरावर सुद्धा जात नव्हते, म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि वर येऊन दोन बिलं पूर्ण केली. बाकावर तुम्ही मला का विचारलंत, याचा मी खूप विचार केला आहे. तुम्ही खोकं पाहिलं नव्हतं, पण मला शिकवणारे तुम्हीच होतात. मला ओळखता येत होतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आता वाशीला माझं एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं ऑफिस आहे. नव्या मुलींना मी स्वतः मार्केटात नेते, हात घालायला लावते, पांढरं आणि तांबूस दाखवते. शब्द तुमचेच असतात. गेल्या आठवड्यात एकीनं विचारलं, मॅडम, तुम्ही तर मासे खात नाही, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हणाले, कुणी नाही गं, करून करून आलं.