न उडालेल्या एका काडतुसाच्या ताब्याबाबत

प्रति,
माननीय अधिकारी,
शस्त्र व दारूगोळा परवाना शाखा,
तालुका कचेरी.

अर्जदार : हेमचंद्र वामन कर्णिक, बी.एस्सी., सभासद, बेलवली रायफल मंडळ, बदलापूर.

विषय : .२२ रायफलीचे एक काडतूस भरलेले की रिकामे, हे ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या शाखेचे गेल्या आठवड्यातील उत्तर.

महोदय,

१. अर्जदार वरील मंडळात कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. त्याच्या हातून आजवर एकही पशुपक्षी मेलेला नाही. मंडळाला नवी काडतुसे हवी असली की जुन्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आपल्याकडे जमा कराव्या लागतात. एक जरी कमी भरली तरी साऱ्या मंडळाचा वाटा थांबतो. हा नियम अर्जदाराला मान्य आहे.

२. गेल्या महिन्यात अर्जदाराने चाप ओढला असता एक काडतूस उडाले नाही. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेच्या आत गोल फिरवलेला असतो. एखाद्या जागी तो पोचलेला नसला आणि ठोका नेमका तिथेच बसला, तर बार होत नाही. अर्जदाराने ते काडतूस बाकीच्या पुंगळ्यांसोबत प्रामाणिकपणे सादर केले. चूक झाली ती एवढीच.

३. पुंगळ्या मोजून घेणारे श्री. हरिचंद्र म्हणाले, "अहो कर्णिक, गोळी दिसतेय ना आत! उद्या अख्खा नारळ आणाल आणि करवंटी म्हणून लिहून घ्या म्हणाल." त्यांनी भरलेली काडतुसे परत घेणाऱ्या टेबलाकडे बोट दाखवले. त्या टेबलावरील गृहस्थांनी चष्मा लावून पाहिले व म्हटले, "याच्यावर ठोका बसलाय. मारलेलं काडतूस मी जिवंतांत कसं घेऊ?" काडतूस कचेरीत ठेवता येईना, आणि पास नसल्याने अर्जदाराला ते घरीही नेता येईना. अखेर शिपाई श्री. भगवंत यांच्या पहाऱ्यात काडतूस व अर्जदार दोघे बेलवलीस परतले.

४. काडतूस आग, ओल व मुले यांपासून दूर ठेवावे, असा तोंडी हुकूम आहे. अशी जागा घरात एकच, ती म्हणजे अर्जदाराच्या आईची लुगड्यांची ट्रंक. ती आता भगवंत हजर असल्याखेरीज उघडता येत नाही. परवा ते विडी आणायला गेले असल्याने आईला शेजारच्या हळदीकुंकवाला घरच्या लुगड्यावर जावे लागले. तिथे कौसाबाईंनी सर्वांदेखत विचारले, "वैनी, पोरानं केलंय तरी काय, पोलीस बसवलाय तो?" भगवंत यांच्याविषयी तक्रार नाही. ते आईला म्हणतात, "काकू, मला काडतुसावर नजर ठेवायला सांगितलंय, पिठल्यावर नको असं कुणी बोललं नाय." आई वाढते.

५. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, सदर काडतूस उडवून त्याची रिकामी पुंगळी जमा करावी. मात्र उडवण्याची परवानगी पुंगळी जमा झाल्यानंतरच विचारात घेतली जाईल. अर्जदाराने हे उत्तर पुष्कळदा वाचले. पदार्थविज्ञानात परिणाम कारणाच्या आधी घडल्याचे त्याच्या अभ्यासात कुठे आले नव्हते.

६. येत्या रविवारी अंबरनाथला जिल्हा संघाची निवड आहे. तेथे काडतुसे आयोजक देतील. परंतु ज्याने या महिन्यात लक्ष्याच्या कागदावर निदान एक गोळी लावलेली नाही, त्याला उतरता येत नाही. मंडळाकडे काडतूसच नाही. मंडळाचे चिटणीस श्री. चिंतामणराव भेटतील तिथे काडतुसाविषयी विचारतात, "काय हेमचंद्र, तुमचं माणिक कसं आहे?" महाविद्यालय सुटल्यापासून अर्जदाराने या निवडीइतका दुसऱ्या कशाचाही ध्यास घेतलेला नाही.

७. सबब विनंती अशी की, रविवारपूर्वी आपल्या समक्ष हे काडतूस रायफलीत अर्धे वळवून पुन्हा घालू द्यावे, म्हणजे ठोका कडेच्या दुसऱ्या जागी बसेल. ते उडेल याची अर्जदार खात्री देत नाही, कारण ती त्याला नाही. न उडाल्यास ते आपणच ठेवून घ्यावे व भगवंत यांना त्यांच्या घरी जाऊ द्यावे. परंतु ते उडणारच असेल, तर समोर लक्ष्याचा कागद लावण्याची व अर्जदाराला नीट नेम धरू देण्याची कृपा व्हावी.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
हेमचंद्र वामन कर्णिक
बेलवली, १२ डिसेंबर १९५५

सोबत : लक्ष्याचा कागद, एक, कोरा.