जवाबाची जागा

२६ ऑक्टो., बालाघाट
बाबांच्या शाहिरीच्या अकरा वह्या स्कॅन करून संपल्या. डफ कपाटावर, तुणतुण्याची तार तुटलेली. फोटो चारच, त्यातल्या दोहोंत चेहरा नाही, नुसता फेटा. या खोलीला मी संग्रह म्हणतो, सु. कबाडखाना. रिटायर नवऱ्याने निदान भाजी आणावी, असं तिचं म्हणणं. चूक नाही.

२८ ऑक्टो.
प्रत्येक सवालाखालचं पान कोरं, आणि मी मूर्ख, कोरी पानं स्कॅनच केली नव्हती. ती मुद्दाम सोडलेली. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, शाहिरांच्या दोन पार्ट्या समोरासमोर गायच्या. वही पळवली तरी जवाब फुटू नये म्हणून तो कागदावर नाहीच. बाबांच्या तोंडी, आणि मागे उभं राहून झील धरणाऱ्या डोमाकाकांच्या. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.
पहिल्या वहीतला पहिलाच सवाल: घरात राहून घरचा नाही, असा कोण सांग शाहिरा?
खाली कोरं.

३० ऑक्टो.
खैरलांजीपर्यंत बस, पुढे कुणाच्या तरी बाईकवर काकांच्या गावी. काका खाटेवर ऊन खात होते. चहा झाल्यावर मोबाईल पुढे ठेवला, रेकॉर्ड करतो म्हटलं. त्यांनी तो हळूच माझ्याकडे सरकवला.
"जवाब पार्टीतल्यालेच देतात, बाबू. तू कवा उभा राह्यला मांगं?"
नाही राहिलो. कॉलेजात असताना बाबांनी एकदा विचारलं होतं. लोक हसतील, म्हणालो. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मला लाज वाटायची त्यांची. लिहून टाकलं एकदाचं.
निघताना काका म्हणाले, "झील शिकून येजो. मंग देतो."

२ नोव्हें.
शेवटचा शब्द उचलायचा आणि जी जी र जी. एवढंच. लहानपणी शंभरदा ऐकलंय, तरी गळा वळत नाही. दार लावून घोकतोय. सु. हसली.
मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पापा, एआई से पूरा करवा लो न." ठेवून दिला फोन.

६ नोव्हें.
काकांच्या सुनेचा फोन. परवा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं बंद. मी गळा तयार होण्याची वाट बघत बसलो होतो. माझ्यासारखा करंटा मीच.

९ नोव्हें.
गेलो. गावात आज मंडई. दंडारीचा खेळ नाही, डीजे. काकांनी ओळखलं. मागच्या वेळी त्यांनी सरकवला होता म्हणून मोबाईल बंद करून खिशात ठेवला. खाटेच्या मागे उभा राहिलो आणि तो पहिला सवाल मीच म्हटला. काकांचा डावा हात खाटेच्या लाकडावर ठेका धरू लागला. सवाल संपला, हात थांबला नाही. चार ओळी होतील एवढा वेळ वाजत राहिला, ओठ हलत राहिले. मग एक थाप, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.
मी झील दिली. फाटकी, पण दिली.
काकांचे डोळे भरले. त्यांनी जवाब दिला होता. मला त्यातला एक शब्दही कळला नाही.

१० नोव्हें.
कोरी पानं स्कॅन करायला घेतली. पहिल्या सवालाखाली पेन्सिलने लिहिलं: डोमाकाकांनी दिला, डाव्या हाताने. पुढे कोरं.