पाटीच्या बदल्यात चूल

माय, तुला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि मी अजून तुझीच भांडी घासते आहे. भांडी कसली, बोटाएवढी भातुकली. तू दिलेली ती पितळी चूल, आणि तिच्यामागं मी जत्राजत्रांतून जमवलेला पसारा: पितळेचं जातं, खलबत्ता, बंब, मग जर्मनची पातेली, मग स्टीलची, आणि आता प्लास्टिकचा गॅस, तो चुलीजवळ नेला तर वितळेल. दरसाल महालक्ष्म्यांपुढं हे सगळं मांडते, निम्मं चकलांबा गाव बघायला येतं. काल शहरातली एक बाई आली. तिला भातुकली प्रदर्शनात ठेवायची आहे, आणि चुलीशेजारी चिठ्ठी हवी, कुणी दिली, कशी मिळाली. मी म्हटलं, "आईनं लाडानं दिली." नातीनं तसंच लिहिलं. बाईचे डोळे भरून आले. मला मेलीला हसू आवरेना.

लाडानं! मी आठ दिवस शाळेत गेलते. नवव्या दिवशी तू दारात आडवी उभी. "कावून जातीस? अक्षरं का भाजून खाणार हायेस?" आणि पदराखालून चूल काढतेस. मला काय कळतंय, मी हसत हसत पाटी तुझ्या हातात देते. तिच्यावर अर्धाच काढलेला ग. तू ती लोणच्याच्या बरणीवर उताणी ठेवलीस. "बघा, कशी बसली!" आयाबाया हसल्या, मीही हसले. जेवायला बसलं की तो अर्धा ग माझ्याकडं बघायचा. तुझ्या लोणच्याला मात्र कधी बुरशी धरली न्हाई, तेवढं खरं.

ही गोष्ट सांगून मी जन्मभर बायांना हसवलं, तुझी साल काढली. नातीला वाटतं, आजी बिचारी. पण माझी पोरगी, हिची आई, दुसरीत पहिली आली, तेव्हा तीच चूल मी तिच्यापुढं ठेवली. ती हसली नाही. "मला पाटीच पायजे, माय," म्हणाली आणि आपली पाटी छातीशी धरून बसली. मी हिसकून घेतली. चौकटीचं कुसळ तिच्या बोटात गेलं. आता दर महालक्ष्म्यांना येते, चिंच लावून सगळी भातुकली लख्ख करते, फक्त ती चूल सोडते. कुणी विचारलं तर मी सांगते, "आळशी हाय लई."

मी सांगितलेलं एवढं लिहून नात थांबली.

"आजी, आईची पाटी कुठं हाय?"

"तू लिही."

"कुठं हाय पण?"

मी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. ती उठून गेली. बऱ्याच वेळानं परत आली, आता मान खाली घालून लिहिते आहे. तेव्हापासून मला एकदाही "आजी" म्हणाली नाही.

हा कागद तुला कुठं धाडायचा, माय? नातीला म्हटलं, घडी करून चुलीखाली ठेव. बाईची चिठ्ठी आहे तशीच राहू दे. लोणचं काढताना मी रोज बरणीवरची पोरीची ती पाटी उचलते, आणि इतक्या वर्षांत एकदाही मला वाईट वाटलं नाही. आज वाटलं, तेही नातीनं ती बघितली म्हणून.