रोवणीवाली नीना

२१ नोव्हेंबर २०२३

आज शाळेत, माझ्या लायब्ररीत, एक इटालियन म्हातारा आला आणि मुलांसमोर उभा राहून म्हणाला, "मी चित्रकार आहे, पण आज चित्र काढणार नाही."

झालं! पुस्तक सप्ताहाचा पाहुणा हा असा! ड्रॉइंगचे कौशिक सर घामाघूम — त्यांनीच बोलावलेलं. ह्या पाहुण्याची मुलगी लुचिया इथे आखातात किल्ल्यांच्या डागडुजीच्या कामावर आहे, तिच्या ओळखीने. नाव एत्तोरे. तिकडच्या पेपरात वर्षानुवर्षं रोज चार चौकटींची चित्रकथा काढायचा म्हणे. मुलं "प्लीज अंकल, प्लीज!" करून थकली. हा नुसता हसतो.

मग पिशवीतून जुनी कात्रणं काढून टेबलावर पसरली. पहिल्याच चित्रात गुडघाभर पाण्यात वाकलेली बाई, डोक्यावर मोठी टोपी, हातात रोपांची जुडी. माझ्या तोंडून निघून गेलं — "अगं माय, ही तर रोवणी!"

त्याने वळून पाहिलं. काय म्हणालात?

रोवणी. भाताची. माझी आई करायची, भंडाऱ्याकडे. दुसऱ्यांच्या शेतांत, बांध्यांत, मजुरीने.

"माझीसुद्धा," तो म्हणाला.

इटलीत भात पिकतो! इतकी वर्षं पुस्तकांत काढली, मला पत्ता नव्हता.

३० नोव्हेंबर

परत आला! मुलांसाठी नाही — मला विचारायला, तो शब्द काय होता. "रोव्हानी," म्हणतो. तीनदा सुधारलं, तरी तेच.

मधल्या सुट्टीत बसून बोलला. सतराव्या वर्षी गाव सोडून मिलानला गेला. तिथे एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या चित्रांतले फक्त घोडे काढायचं काम. माणसं काढायची परवानगी नाही! घोडे काढून काढून कंटाळला आणि एका रविवारी आईचं चित्र काढलं. बांधावरच्या मुकादमाला उलट बोलणारी बाई. तिचं नाव ठेवलं नीना. पेपरवाले म्हणाले, वाकलेल्या बाईला पाहून कोण हसणार? बरेच उंबरठे झिजवल्यावर एकाने घेतली. मग नीना घराघरांत गेली. बाहुल्या निघाल्या, बिस्किटांच्या डब्यांवर आली.

"आणि आई काय म्हणाली?" मी विचारलं.

आई म्हणाली — तू माझी पाठ विकतोस का रे?

घंटा झाली, बरं झालं.

८ डिसेंबर

सकाळी मवालेहच्या मंडईत भाजी आणायला गेले, तर हा तिथे! लुचियाबरोबर. तिला घाई होती, तो म्हणाला, मी मॅडमबरोबर थांबतो. माझ्यामागे पिशव्या घेऊन हिंडला. कारलं हातात घेऊन असा बघत होता जणू कोणी दागिना दिलाय. भाजीवाला हारून म्हणाला, "मॅडम, सर नये हैं? करेला मत खिलाओ, भाग जाएँगे!"

नये हैं? — मी नुसती हसले. घरी येईपर्यंत हसतच होते. माझा नवरा भानुदास जाऊन चार वर्षं होत आली. बाजारात कोणी माझी पिशवी धरल्यालाही तितकीच.

९ डिसेंबर

त्या कारल्याची भाजी खाल्ली त्याने! पळाला नाही.

११ जानेवारी

रुपेशचा फोन. आई, तुझी खोली रंगवून घेतली, श्वेताने पडदे आणले. मार्चअखेरीला मी रिटायर, मग व्हिसा संपला, की पुण्याला. सगळं ठरलेलंच आहे. लेक-सून चांगले आहेत, तक्रार कसली?

पण आज दार्सैतच्या रस्त्याने चालत येताना पहिल्यांदा वाटलं — हे सगळं आता शेवटचं. ही इस्त्रीवाल्याची टपरी, ह्या पायऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा मला इथे श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. आता निघायचं म्हणताना तसंच होतंय.

२ फेब्रुवारी

एत्तोरे आणि लुचिया जेवायला आले. पाटवडीचा रस्सा केला, तिखट कमी करून. तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी! लुचिया म्हणाली, पप्पा इतकं बोलत नाहीत घरी.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी भानुदासचा. एत्तोरे दोन्हींसमोर थांबला. मग स्वतःच बायकोबद्दल बोलला. फ्रांका. चित्रं त्याची, पण नीनाच्या तोंडचे सगळे शब्द फ्रांकाचे. तो संवादाचा फुगा रिकामा ठेवून कागद स्वयंपाकघरात न्यायचा, ती कांदा चिरता चिरता वाक्य सांगायची. ती गेली त्याच आठवड्यात त्याने पेपरला कळवलं — बंद. तेव्हापासून एक रेघही नाही.

म्हणून त्या दिवशी मुलांना नाही म्हणाला! आणि आम्ही त्याला खडूस समजलो.

आईचंही सांगितलं. "पाठ विकतोस का" म्हणणारी आई पुढे म्हणाली होती, विकतोस तर विक, पण त्या पोरीला एक दिवस बसू दे तरी. मग एका रविवारी चारही चौकटींत नीना बांधावर नुसती बसलेली. एक शब्द नाही, जोक नाही. आयुष्यात सगळ्यात जास्त पत्रं त्या रविवारी आली.

माझी आई मला बसलेली आठवतच नाही.

२३ फेब्रुवारी

एत्तोरेने चित्र काढलं!!

माझ्याच टेबलावर. मी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तर पेन्सिल चालू. नीना मत्रहच्या समुद्राकाठी, पाण्याकडे संशयाने बघतेय. इतकी गोड! रेघ अजून जिवंत. मी टाळ्या वाजवल्या लहान पोरीसारख्या.

मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला. फुगा रिकामा.

"आता तू सांग, ती काय म्हणते."

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, मी फ्रांका नाही.

तो कागद तसाच ठेवून गेला.

२५ फेब्रुवारी

राग कसला आला मला? हाच, की त्याला रिकामी जागा भरायची आहे. आणि त्यात मी नेमकी बसते — मापाची. मापाला बसायला मी काय झाकण आहे?

१० मार्च

फोन नाही. मीही केला नाही.

२८ मार्च

शाळेत निरोप. मुलींनी रडून घेतलं, मीही. भाषणं, शाल, ट्रॉफी. कौशिक सर म्हणाले, एत्तोरे सरांना बोलावलं होतं, येत नाही म्हणाले, तब्येत बरी नाही.

ट्रॉफी जड आहे.

३१ मार्च

गेले मीच. कुर्रमला, लुचियाच्या घरी. तब्येत धडधाकट! खिडकीशी बसलेला. मला बघून उठला, खुर्ची पाडली.

म्हटलं, खोटं बोललात.

म्हणाला, "हो. तू रागावलीस ते बरोबर होतं. मला वाटलं, मला शब्द हवे आहेत. पण तू आली नाहीस तेव्हा शब्दांची आठवण नाही आली."

मग?

"हारूनच्या दुकानात तू टोमॅटो दाबून बघतेस, त्याची आली."

काय माणूस आहे! साठ वर्षांच्या बाईला टोमॅटोवरून लाजवतो.

१६ एप्रिल

पाऊस, पाऊस. वाद्या — एरवी कोरडे असणारे ओढे — दुथडी, रस्ते बंद. त्याचे दिवसभर फोन — लाईट आहेत का, पाणी आहे का, जेवलीस का. शेवटी म्हटलं, अहो, मी इथे तीस वर्षं राहतेय! म्हणाला, मी तर आत्ताच आलोय ना तुझ्याकडे.

२६ एप्रिल

पावसामुळे पुढे गेलेली जयंती आज झाली. हॉल भरलेला, मुलांची भाषणं — अर्धी इंग्रजीत, अर्धी अडखळत्या मराठीत. एत्तोरे पांढरा शर्ट घालून आला, सगळ्यांना "जयभीम" म्हणाला, तेही नीट! भोजनदानात वाढायला उभा राहिला.

मंडळाच्या सुलोचनाबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "कल्पनाताई, तो गोरा कोण गं? लोक विचारतायत."

मित्र आहे, म्हटलं.

"या वयात?" — म्हणजे या वयात मित्र नसावा, की या वयातच असावा, ते काही सांगितलं नाही त्यांनी.

३ मे

विचारलं त्याने.

जूनमध्ये तो गावी परत चाललाय. आईचं जुनं घर आहे, चारी बाजूंनी भाताची शेतं. आता रोवणी मशीनने होते, बायका नाहीत, पण पाणी तेच आणि बगळे तेच. "तुझा व्हिसा संपतो, माझा मुक्कामही. तू माझ्याशी लग्न कर. शब्द नको लिहूस. आपण बांधावर बसू."

मी म्हटलं, विचार करून सांगते. विमा एजंटला सांगावं तसं!

घरी येऊन भानुदासच्या फोटोसमोर उभी राहिले. त्याला हेवा कधी माहीतच नव्हता. हसायचा फक्त. फोटोतही हसतोच आहे.

५ मे

रुपेशला फोनवर सांगितलं. सगळं, एका दमात.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "आई, मी नंतर करतो."

६ मे

फोन नाही.

८ मे

श्वेताचा आला. "आई, तो जेवत नाहीये नीट. पप्पांचा अल्बम काढून बसतो." तिच्या आवाजात ठपका नव्हता. तेच जास्त लागलं.

११ मे

नाही म्हणून आले.

समुद्राकाठच्या बाकावर. म्हटलं, माझा मुलगा आहे. त्याने बाप गमावलाय, आता आईही लांब गेली असं त्याला वाटलं, तर मला तुमच्या बांधावर सुखाने बसता येणार नाही. एत्तोरेने वाद घातला नाही. माझा हात हातात घेतला. "आईला मी पण एकटाच होतो," इतकंच म्हणाला. लोक जात-येत होते. मी हात सोडवून घेतला नाही.

खलास. वीस तारखेचं तिकीट काढलं.

१५ मे

भांडी वाटून टाकली. कपाट शेजारच्या ज्ञानदाला. घरात बोललं तर आवाज घुमतो.

१७ मे

सकाळी बेल वाजली. वाटलं कपाट न्यायला आले. दार उघडलं तर रुपेश! पाठीला एवढीशी बॅग. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

म्हटलं, अरे, मी येतच होते वीस तारखेला. न्यायला कशाला आलास?

"न्यायला नाही आलो," म्हणाला आणि बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता — "मुलगा बघायला आलोय. बोलव त्यांना. आणि पोहे कर, आई."