पुठ्ठ्यावरचा गुरुवार

१६ जून २००३, सोमवार
अंगणवाडी उघडली. सोसायटीच्या खोलीला खताचा वास. उन्हाळाभर पोती ठेवली होती म्हणे, मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. चंद्राबाई मदतनीस, तिनं गुडघ्यावर हात टेकत दोनदा फरशी पुसली. वास गेला नाही.
पट २४. आलेली ११. त्यातली रडणारी ६, मी धरून ७.
नवा हजेरीपट लिहिला. एक नंबरला ओम. माझा नातू म्हणून नव्हे, आडनावच अक्षरानं पहिलं येतं.
घरी आले तर पलंगावर निळी चड्डी, पांढरा शर्ट आणि टाय. इलॅस्टिकवाला. काल मुलगा सुनील चाकणहून आला तेव्हा घेऊन आला होता. नारायणगावच्या इंग्रजी नर्सरीत ओमचं नाव घातलंय. सून सविता म्हणाली, "आई, तुम्हाला सांगणारच होतो."
अठरा वर्षं दारोदार फिरून आयांना सांगते, पोरं वाडीत पाठवा. माझ्याच घरात मला कुणी विचारलं नाही. राग आला, पण भांडायला अंगात त्राण पाहिजे. चहा घेतला आणि पाय लांब करून बसले.

१९ जून, गुरुवार
सव्वानऊला नर्सरीची व्हॅन गेली, बरोब्बर आमच्या वाडीच्या दारावरून. पोरं गाणं सोडून दाराकडं. ओमनं खिडकीतून हात हलवला. मीपण हलवला, काय करणार. हिराबाईची बानू म्हणाली, "बाई, ओम गेला."
गेल्या वर्षी खोलीत मला 'बाई' म्हणायचा आणि पायरी उतरली की 'आज्जी'. कुणी शिकवलं नव्हतं.
हजेरीत त्याच्यापुढं गैरहजरचा 'गै' लिहिला. नाव कमी करायला हात होत नाही. बघू पुढं.

३ जुलै, गुरुवार
'आईचा वार' सुरू होऊन सहा वर्षं झाली. भिंतीवर पुठ्ठा, त्यावर तारीख-वार आणि आईचं नाव. रोज एकीनं यायचं, दहा ते एक बसायचं, मटकी-तांदूळ निवडायचे, पोरांना येईल ते सांगायचं. सुरुवातीला नाकं मुरडली सगळ्यांनी. आता एखादी आली नाही तर पोरंच विचारतात.
महिन्याचा पहिला गुरुवार सविताचा. वर्षभर चुकली नाही. तिच्या बैलाच्या गोष्टीवर पोरं जीव टाकतात: लोणी गावच्या बाजारात तिचे आजोबा बैल विकून आले, आणि घरी पोचतात तर बैल आधीच दावणीला. अर्धी पोरं दर वेळी विचारतात, रस्ता कुणी दाखवला? ती म्हणते, भूक.
आज आली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "आता ओमच जात नाही, मग माझं काय काम तिथं?" बरोबरच आहे. मटकी मीच निवडली. पोरांनी बैल मागितला, मला नीट सांगता येईना. रस्त्यातच विकून टाकला मी तो बैल.

४ जुलै, शुक्रवार
आज सुशीलाचा वार. शेजारच्या आळीतली, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. अर्धा तास उशिरा आली. तांदळाचं सूप पुढं ओढत चंद्राबाईला म्हणाली, पण मला ऐकू येईल असं, "बाईंची सून येत न्हाई. आमालाच लई मोकळा येळ हाय व्हय?"
चंद्राबाई पातेली घेऊन बाहेर गेली. मी पोरांचं गाणं सुरू केलं.

२२ जुलै, मंगळवार
वजनं घेतली. टांगत्या काट्याची झोळी बघितली की पोरं घर डोक्यावर घेतात. एकीनं पोरगं काट्यावर चढवूच दिलं नाही, मोजलं की नजर लागते म्हणे. समजावून तोंड दुखलं. शेवटी आधी मला मोज म्हटलं. झोळीत मावले नाही, ती हसली, मग दिलं पोरगं.
हिराबाईचा वार होता. मेंढरं नवऱ्यावर सोपवून आली, काखेत कोकरू. गोष्टबिष्ट येत नाही तिला. कोकरू मधी उभं केलं, म्हणाली, "मोजा याचं पाय." चोवीसातल्या सोळांनी पाय मोजले, एकानं शेपूटपण धरली. हिराबाईला अक्षर येत नाही, तारीख येत नाही, पण वार चुकत नाही. कसं लक्षात ठेवते विचारलं तर म्हणाली, "बानू आदल्या दिशी झोपतच न्हाई."

८ ऑगस्ट, शुक्रवार
आणखी तीन गेले व्हॅनमध्ये. त्यात सुशीलाचा. घरी गेले तिच्या, समजावायला. पाणी दिलं, चहा दिला. मी नेहमीचं सुरू केलं: खेळातून शिक्षण, घराजवळ वाडी, गरम खाऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या घरात जे चांगलं, ते आमच्या पोरास्नी नको का?"
लोका सांगे ब्रह्मज्ञान. चहा संपवून उठले. शुक्रवारचा वारही गेला तिचा. पट २१, ओम धरून.
संध्याकाळी सविताला बोलायचं ठरवलं होतं. ती ओमच्या चड्डीला इस्त्री करत होती. बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

१३ सप्टेंबर, शनिवार
नर्सरीत पालकांची मीटिंग. सविताला ताप, सुनील कंपनीत, हे म्हणाले मला नाही जमत तसलं. मीच गेले. व्हॅनवाल्यानं पुढं बसवलं.
खरं लिहायचं तर शाळा वाईट नाही. संडास दोन, स्वच्छ. घसरगुंडी. भिंतीवर रंगीत चित्रं, आमच्यासारखी कॅलेंडरं कापून चिकटवलेली नाहीत. टीचर पोरसवदा, गोड मुलगी. मला म्हणाली, "ओम शांत आहे. घरी थोडं इंग्लिशमध्ये बोला." आमच्या घरी इंग्लिशमध्ये फक्त टाय बोलतो. हे मनात.
फाटकाशी एक बाई डबा घेऊन उभी होती, पोरगं विसरलं होतं. वॉचमननं डबा घेतला, तिला आत घेतलं नाही. आयांना आत सोडत नाहीत, पोरं रडतात म्हणे. त्यांचंही बरोबर असेल.
मी सविताच्या वयाची असते तर मीपण इथंच घातलं असतं. हे कुणाला सांगणार नाही.
घरी सविताला सगळं सांगितलं. फाटकाचं सांगितलं तर म्हणाली, "माहितीये. मी पहिल्या दिवशी अकरापर्यंत बाहेर उभी होते." मला माहीत नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
मासिक मीटिंग. मु.से. म्हणजे आमच्या मुख्यसेविका, पाच वर्षं बघते, वाईट बाई नाही. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पट वीसच्या खाली गेला तर तुमची वाडी वरच्या मळ्यातल्या वाडीला जोडायचा प्रस्ताव जाईल." मला कुठंतरी घेतील. चंद्राबाईला नाही. वरच्या मळ्यात मदतनीस आहे. आणि आपल्या आळीतली तीन वर्षांची पोरं ओढा ओलांडून तिकडं कशी जाणार? जाणारच नाहीत, घरी बसतील.
परत येताना एसटीत उभी. एका पोरानं जागा दिली, "बसा बाई." माझ्याच वाडीतला असणार. नाव आठवेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार
हिराबाई निघाली मेंढरं घेऊन कोकणात, दरसालाप्रमाणं. बानू घोड्यावर, भांड्यांच्या मधी. वाडीपाशी थांबली, बानूला उतरवून माझ्या पाया पडायला लावलं. "बाई, माझा वार कुणाला देऊ नगा. पावसाळ्याच्या आधी येतो आमी."
मी हो म्हटलं. पावसाळ्याआधी वाडी असेल का, ते नाही म्हटलं.
पट २०. ओम धरून. म्हणजे १९.

२ डिसेंबर, मंगळवार
निरोप आला. मु.से. गुरुवारी येणार, डोकी मोजणार.
चंद्राबाई दुपारी पातेली घासता घासता थांबली. "बाई, एक दिवस आणा ना ओमला. एकच दिवस. हजेरीत नाव हायच की." पंधरा वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही, सुट्टीसुद्धा. नवरा नाही, मुलगा विचारत नाही. मी म्हटलं, बघते.
अठरा वर्षांत न आलेल्या पोरापुढं कधी 'ह' लिहिला नाही. हा माझा एवढाच तोरा. बाकी काय आहे माझ्याकडं.

३ डिसेंबर, बुधवार
मेथी निवडत होतो दोघी. सवितानंच विषय काढला. चंद्राबाई तिच्याकडंपण जाऊन आली होती. "आई, उद्या ओमला घरी ठेवते. घेऊन येते वाडीत. वीस होतील."
मी मेथीकडं बघत राहिले. नाही म्हणायला पाहिजे होतं. रोज पोरांना सांगते, खोटं बोललं की नाक वाढतं.
"आण," म्हटलं.
आवाज माझाच होता. तिनं जुडी संपवली. दमले मी. कुणाशी लढायचं, त्या टायशी? चंद्राबाईचं पोट खरं की माझा हजेरीपट खरा?

४ डिसेंबर, गुरुवार
लवकर गेले. चंद्राबाईनं दारात रांगोळी काढलेली. पोरं मोजली. १९, सर्दीवालीसुद्धा नाक पुसून बसलेली. घरोघर जाऊन आणली होती तिनं.
सव्वानऊला व्हॅन. सवयीनं दाराकडं बघितलं. खिडकीत ओम, टाय लावून. हात हलवत गेला.
चंद्राबाईनं पोरं पुन्हा मोजली. मला सविताचा राग आला आणि त्याच वेळी छातीवरचं ओझंपण उतरलं. दोन्ही एकदम, खरं लिहिते.
दहाला सविता आली. एकटी. चपला काढल्या, पुठ्ठ्याकडं बघितलं, सूप घेऊन बसली.
"आई, त्याला शाळेत पाठवला," म्हणाली. "तुम्ही 'आण' म्हणालात तेव्हा तुमच्याकडं बघवलं नाही मला. माझ्यामुळं तुमच्या पटात खोटं नको. पण वार माझा आहे."
तांदळाचं पातेलं तिच्याकडं सरकवलं.
मु.से. साडेदहाला आल्या. डोकी मोजली, दोनदा. सविता तोवर बाजारात पोचली होती, आजोबा बैल विकून माघारी निघालेले. तिच्या मांडीवर दोन, पाठीला एक. मु.से. उभ्याच राहिल्या. गोष्ट संपेपर्यंत हजेरीपट मागितला नाही.
मग विचारलं, "यांचं मूल कुठलं?"
मी तोंड उघडायच्या आत सविताच म्हणाली, "माझं इथं नाही मॅडम. नारायणगावला जातं. आज माझा वार आहे."
"मूल नाही तर वार कसला?"
"गेले पाच चुकवले. ते फेडायचेत."
मु.से.नी हजेरीपट उघडला, ओमच्या नावावर बोट ठेवलं. जूनपासून 'गै'ची रांग. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नातू आहे माझा. कमी करायचं राहिलं." लाल पेन त्यांनीच पुढं केलं. रेघ मी मारली. रेघ वाकडी गेली, खाली सही केली.
पट १९.
भेटवहीत त्यांनी बराच वेळ लिहिलं. मी वाचायला गेले तर इंग्रजीत. सविताला दाखवलं. ती बारावी, पण अक्षर डॉक्टरसारखं, तिला दोनच शब्द लागले: 'मदर' आणि 'स्टोरी'. जाताना मु.से. म्हणाल्या, "प्रस्ताव वर जातो बाई, माझ्या एकटीच्या हातात नसतं." चंद्राबाईनं दिलेली उसळ मात्र सगळी खाल्ली.
येताना सविता आणि मी बरोबर चालत आलो. कधीच आलो नव्हतो तशा.

९ डिसेंबर, मंगळवार
सुशीला दारात. काल ओट्यावर कुणीतरी सांगितलं म्हणे तिला सविताचं. आत आली नाही. "म्हंजी पोरगं नसलं तरी येता येतं व्हय?" म्हटलं, येता येतं. "बगते," म्हणाली आणि गेली. बघते म्हणजे काय, ते तिलाच माहीत.
चंद्राबाई माझ्याशी कमी बोलते. बरोबर आहे तिचं.

३० डिसेंबर, मंगळवार
वरून पत्र नाही. ना असं, ना तसं. सोसायटीचा माणूस येऊन विचारून गेला, खोली रिकामी होणार का, पोती ठेवायची होती. म्हटलं, कळवते.
जानेवारीचा पुठ्ठा करावा की नको, दोन दिवस टाळलं. आज चंद्राबाईनंच जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून टेबलावर ठेवला, न बोलता. रेघा मारल्या. हिराबाईचा वार तिच्या नावानं मोकळा ठेवला. शुक्रवारपुढं सुशीला लिहिलं, पेन्सिलनं.
पहिला गुरुवार एक तारखेलाच येतो. तिथं सविता, शाईनं.