बाबांच्या कबरीवरचं गवत

प्रिय ठोंब्या,

बुधवार, २१ ऑगस्ट, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझ्या आईला तिच्याच नवऱ्याच्या कबरीवरून उठायला सांगण्यात आलं. सांगणारा होता तू पाठवलेला गवंडी. सोबत दोन माणसं, फावडी, तणनाशकाचा कॅन आणि हातगाडीवर काळ्या ग्रॅनाइटची लादी. मी म्हटलं, उठत नाही, काय करायचं ते कर. तर म्हणतो, "आजी, साहेबांची ऑर्डर आहे, तुम्ही जरा सावलीत बसा." आजी! अरे, मेट्रन होते मी. माझ्या वॉर्डात मोठमोठे सर्जन दबक्या पावलांनी यायचे. कोण रे हे साहेब, म्हणून विचारलं, तर बिचाऱ्यानं फोनवर तुझा फोटो दाखवला. हे साहेब चौथीपर्यंत माझ्याकडून बुटाची लेस बांधून घ्यायचे, हे मी तिघांनाही सांगून टाकलं. आता बस बोंबलत.

मग बसल्या जागेवरून मी लादी वाचली. बाबांचं नाव, ठीक. त्याखाली माझं नाव, जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ. रेघेपुढची जागा कोरी! मी मनगटावर बोट ठेवून स्वतःचे ठोके पाहिले. चालू होते, आणि चांगले जोरात. तळाशी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत अर्पण करणाऱ्याचं, म्हणजे तुझं नाव. एवढं ठळक आणि सरळ तर तू परीक्षेतही कधी लिहिलं नाहीस.

हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. आत्यानं फोटो पाठवला ना, "बघ, दादाच्या कबरीवर गवत माजलंय" म्हणून? माजलंय, आणि मीच माजू दिलंय. आत्याला नुसतं गवत दिसलं, कारण आत्या वाकत नाही. गुडघे दुखतात म्हणते. मला विचारशील तर नाक आडवं येतं.

वाकली असती तर, ठोंब्या, आता नीट ऐक, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही आणि रविवारच्या फोनवर तुझी गाडी माझ्या गोळ्यांच्या पुढे सरकत नाही. बाबांच्या छातीच्या बरोबर वर आमरी फुलली आहे! ऑर्किड म्हण हवं तर. फुलवाल्याकडे मिळतं तसलं भपकेबाज नव्हे. वीतभर उंचीची हिरवी काडी आणि तिच्याभोवती वेणी घालावी तशी गोल गोल चढत गेलेली तांदळाएवढी पांढरी फुलं. शाळेत विज्ञानाच्या सिस्टरनी एकदा पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं, तेव्हापासून मी हिची वाट बघत होते म्हण ना. हिचं बी धुळीसारखं बारीक. ते रुजायला जमिनीत एक खास बुरशी लागते, मग कितीतरी वर्षं ती जमिनीखालीच दबून राहते, आणि मनात आलं की एक दिवस वर येते. अगदी तुझ्या बाबांसारखी. त्यांनाही मला मागणी घालायला असाच वेळ लागला होता.

ती शेतात येत नाही, बागेत येत नाही. चर्चमागच्या या जमिनीत कधी नांगर फिरला नाही, खत पडलं नाही, म्हणून इथे येते. भिंतीकडच्या जुन्या कबरींवर दगडफुलाचे करडे-पिवळे गोल आहेत, त्यातले काही माझ्यापेक्षा वयानं मोठे. बाबांच्या पायथ्याशी उघड्या मातीत एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिळं आहेत, पोळंबिळं काही नाही, प्रत्येकीचं घर वेगळं. डोक्याच्या बाजूला एक बेडूक आहे, तो फादरांच्या प्रार्थनेत हमखास मध्ये बोलतो. आणि मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. बी पडून गेलं की वर्षातून एकदा विळ्यानं गवत कापते आणि कापलेलं सगळं उचलून बाहेर नेते. ते तिथेच कुजलं तर माती माजते आणि दांडगी झुडपं नाजूक फुलांना गिळून टाकतात.

तर गवंड्याला तिथेच थांबवून मी फादरांना हाताला धरून आणलं. पांढऱ्या झग्यानिशी ते गुडघ्यांवर बसले आणि म्हणतात, "बाई, पण हे तणच ना?" मी म्हटलं, फादर, तण तुमच्या प्रवचनात असतं, ही आमरी आहे. हसले बिचारे. मग फुलाकडे बघत राहिले ते झग्याला चिखल लागला तरी उठेनात. पण नियम म्हणजे नियम. अंत्यविधीच्या दिवशी कबरीच्या कागदावर सही तू केलीस, त्यामुळे काम थांबवायचा अधिकारही तुझाच. माझ्या शब्दाखातर त्यांनी सोमवार, २ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली आहे. त्या सकाळी गवंडी परत येणार.

आता खरं सांगते. त्याच संध्याकाळी आत्याला फैलावर घेतलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, तू तिला विचारलंस म्हणे, "आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? चादरीवर सुरकुती न चालणारी आई बाबांची कबर अशी कशी ठेवेल?" घाबरलास ना रे? म्हणून दगड पाठवलास. राग नाही माझा. पण बाबा गेले त्या वर्षी मी रोज पहाटे तिथे जाऊन सुरीनं एकेक पातं खरवडून काढायचे, कडा चादरीसारख्या ताणून बसवायचे आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायचे नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं ते तेव्हा. कबर चकाचक होती म्हणून तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. एकदा तापानं आडवी झाले, पंधरवडा जाता आलं नाही, आणि गेले तर त्यांच्यावर निळं, नखाएवढं फूल आलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. ठोंब्या, मला त्यांच्या शेजारी मातीत जायचंय, लादीखाली नाही. काम रद्द, असं तुझ्या हातानं लिहून, सही करून कुरियरनं पाठव. फोन चालणार नाही, हसरे चेहरे तर मुळीच नाही. शनिवार, ३१ ऑगस्ट, दुपारी बाराला चर्चचं ऑफिस बंद होतं. त्याआधी तुझा कागद फादरांच्या टेबलावर हवा.

तुझीच, आणि पूर्ण शुद्धीवर असलेली,
आई