शून्य वॅट, एकतीस अंश

गार्चिंग,
रविवार, २४ ऑगस्ट

ती. चारुआत्यास,

ईप्सिताचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. पेन खाली पडलं होतं, तेवढ्यात हेही उरकलं.) आधी घडलेल्या गोष्टी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

१. २९ जुलै, मंगळवार, नागपंचमी. बाहेर पाऊस, तेरा अंश. इमारतीची हायझुंग (खोल्या गरम ठेवणारी यंत्रणा) ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद.
२. संध्याकाळी सहाला मी प्रयोगशाळेत गेले. रात्रभर तिथेच होते. घरी तू आणि अजगर.
३. रात्री ९:४० ला अजगराच्या पेटीखालची गरम मॅट बंद झाली.
४. प्रयोगशाळा तळघरात आहे, तिथे नेटवर्क नाही. सकाळी ६:५० ला वर आले तेव्हा फोनवर एकेचाळीस इशारे एकदम आले.
५. ७:१५ ला घरी पोचले. मॅट चालू होती, पण वीज मोजणाऱ्या प्लगवर मधले आठ तास शून्य.
६. मी तुला बोलले.
७. तू म्हणालीस, "झालं बोलून? पोहे खा."
८. त्याच दुपारी तुझं पुण्याचं विमान होतं.
९. तेव्हापासून आजपर्यंत, पंचवीस दिवस, तू माझा फोन उचललेला नाहीस.

तुझा डावा गुडघा कसा आहे? हे शिष्टाचार म्हणून विचारत नाही, त्याचा पुढे तांत्रिक संबंध आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, "आत्या मजेत आहे, जरा कामात आहे." निवृत्तीनंतर पंचवीस दिवस सलग काम कुठलं, हे तिलाही सांगता येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. तू चौतीस वर्षं पोस्टात काढलीस. आलेल्या पत्राला उत्तर न देणाऱ्या माणसांबद्दल तुझं मत मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आता मूळ विषय. ही खोली मला मिळाली तीच मुळी अजगरामुळे, हे तुला मी विमानतळावर सांगितलं नाही. एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, दारं बंद झाल्यावर सांगितलं. (तू पिशवी मांडीवर घेतलीस. मग विचारलंस, "जेवतो काय?" आणि उत्तर ऐकून परतीच्या गाडीची वेळ विचारलीस.) ज्याच्याकडून मी ही खोली घेतली तो टिल दहा महिने चिलीत दुर्बिणीवर काम करायला गेला आहे आणि त्याचा अजगर इथे आहे. टिलने त्याचं नाव 'हेर डॉक्टर' (म्हणजे डॉक्टरसाहेब) ठेवलं आहे, त्यामुळे सध्या या घरात डॉक्टरेट असलेला तो एकटाच. करारनाम्याला दोन पानांची पुरवणी आहे: रात्री तापमान चोवीसच्या खाली गेलं तर त्याला छातीचा विकार होऊ शकतो, आणि त्याला काही झालं तर मी खोली सोडायची. इथे खोली मिळणं किती अवघड आहे ते तू माझ्या चौदा महिन्यांच्या रडगाण्यावरून जाणतेस.

तू तेवीस दिवसांत त्याचं नाव घेतलं नाहीस. दिवेलागणीनंतर तर 'साप' हा शब्दही नाही, फक्त 'जनावर'. रोज झोपण्यापूर्वी पेटीचं कुलूप तीनदा ओढून बघायचीस, झाकणावर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवायचीस (दीड किलो, त्याचं वजन त्याहून जरा कमीच आहे) आणि आपल्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचीस. टीव्हीवर साप दिसला तर तू चॅनेल बदलतेस हे सगळ्या कुटुंबाला माहीत आहे. नागपंचमीला मात्र सकाळीच सोवळ्यात येऊन, चार फुटांवरून, डोळे मिटून हळदकुंकू उडवलंस. दिंडं उकडलीस. काही चिरलं नाहीस, तळलं नाहीस. आणि मी प्रयोगशाळेत निघाले तेव्हा दारात उभी राहून म्हणालीस, "आज चुलीवर तवासुद्धा चढवायचा नाही, आणि तू त्याच्याच पोटाखाली तवा तापवून ठेवलायस?" या वाक्यात मला आजही तर्काची चूक सापडलेली नाही. तेव्हा मी "आल्झो, आत्या, तो तवा नाही" एवढंच म्हटलं आणि बस पकडली. जर्मनीत तीन वर्षं राहिल्यावर माणूस वाद घालण्याऐवजी आल्झो, म्हणजे 'बरं तर', म्हणून निघून जातो.

बाकीचं मला काल कळलं. तो ज्या लाकडी खोक्यात लपून बसतो, त्याच्या आतल्या बाजूला मी एक बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला आहे. त्याला इंटरनेट नाही. तो दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवतो आणि मी महिन्यातून एकदा ते उतरवून घेते. (इशारे पाठवतो तो वेगळा, काचेवरचा. तो सकाळपर्यंत इमानाने एकोणीस दाखवत होता.) काल ती नोंद उघडली. ९:४० ला साडेएकोणतीस. मग उतार, अगदी पुस्तकात असतो तसा: सव्वीस, चोवीस, तेवीस. १:५० ला बावीस. इथपर्यंत मला सगळं समजत होतं, आणि रागही येत होता.

२:०६ ला आलेख वळतो. तेवीस, सव्वीस, एकोणतीस, आणि साडेतीनला एकतीस. वीज शून्य वॅट. मी आधी सेन्सर बिघडला असं धरलं. तो काढला, बर्फात घातला, तपासला. सेन्सर बरोबर आहे. मग बॅटरी, घड्याळ, प्लग. सगळं बरोबर. एका खोलीत एकोणीस अंश असताना लाकडी खोकं विजेशिवाय एकतीस अंशांवर जाऊ शकतं असा एकच मार्ग उरतो, आणि त्याचं तापमान साडेछत्तीस असतं. तो त्या वेळी घरात एकच होता.

तू लोणच्याची बरणी उतरवलीस. कुलूप उघडलंस. खोकं उचललंस, तो आत असताना. आणि ते मांडीवर घेऊन गोधडीखाली बसलीस. ४:१२ ला सहा मिनिटं एक अंश उतरलेला आहे. तिथे गुडघा आखडला असणार आणि तू मांडी बदलली असशील. त्यानंतर पुन्हा एकतीस. ५:४४ ला मॅट चालू झाली. मी तपासलं: त्या दिवशी गार्चिंगचा सूर्योदय ५:४४ ला होता. तिथी उलटल्यावर बटण दाबलंस, खोकं जागेवर ठेवलंस, आणि पोहे भिजवायला घेतलेस.

आत्या, माझं काम वस्तू गार ठेवण्याचं आहे. चार पंप, एका कपाटाएवढं यंत्र आणि तिघांची पाळी, एवढं करून आम्ही धातूचा एक तुकडा ठरलेल्या तापमानावर रात्रभर टिकवतो आणि त्यावर शोधनिबंध लिहितो. तुझा आलेख मी छापून आमच्या आलेखाशेजारी भिंतीवर लावला आहे. तुझा जास्त सपाट आहे. तोही पुस्तक न वाचता, ज्याचं नाव घेत नाहीस त्याला मांडीवर घेऊन. टिलला पाठवला. तो म्हणाला, "श्टार्क." (म्हणजे जबरदस्त.) मग विचारलं की तुझ्या आत्या कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मी म्हटलं, कोथरूड.

क्रमांक ६ मध्ये मी दोन वाक्यं बोलले होते. "कळत नाही तर हात लावू नये" हे पहिलं. दुसरं इथे लिहीत नाही, आपल्या दोघींच्या लक्षात आहे. दोन्ही चुकीची होती, आणि आवाजही चुकीचा होता. मागे घेते. तू तेव्हाच एका वाक्यात सांगू शकली असतीस. नाही सांगितलंस, कारण बंद कुणी केलं हा प्रश्न खरा होता आणि तू सबब सांगत नाहीस. हे मला आलेख बघेपर्यंत समजलं नव्हतं.

प्रकृतीची काळजी घे. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
ईप्सिता

ता. क. १: हेर डॉक्टर मे महिन्यापासून काही खात नव्हता. २ ऑगस्टला खाल्लं. एका निरीक्षणावरून मी निष्कर्ष काढत नाही. फक्त कळवते आहे.

ता. क. २: तू ठेवलेलं वाटीभर दूध तो प्यायला नव्हता. मी प्यायले. साखर होती, वाया गेलं असतं.

ता. क. ३: ६ ते ९ ऑक्टोबर मला बॉनला कार्यशाळेसाठी जायचं आहे. हायझुंग तेव्हाही बंदच असेल, आणि त्याला रात्री एकटं ठेवता येत नाही. टिलला इथल्या दोन माणसांची नावं सुचवली. त्याला तू हवी आहेस. तुझा व्हिसा नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे आणि नव्वदपैकी सदुसष्ट दिवस शिल्लक आहेत. अजगराला चार पुरतात. उरलेले त्रेसष्ट त्याच्यासाठी नाहीत.

येणार की नाही, ते रविवार, १४ सप्टेंबरपर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.